वैखरीवाचून : मेल बॅग्ज यांचे जीवन आणि कृती

जडभरताची कथा मराठी वाचकास सांगावी लागत नाही. भागवतातील हा ब्राह्मणपुत्र कोणाशी बोलत नाही, सांगितलेले काम धड करीत नाही, म्हणून जग त्याला जड ठरवते. रहूगण राजाच्या पालखीला खांदा देताना पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून तो जपून पाऊल टाकतो. पालखी हिंदकळते, राजा संतापतो. आणि मग हा मुका मनुष्य एकाएकी तोंड उघडून अध्यात्म सांगू लागतो. राजा खाली उतरून त्याचे पाय धरतो. कीर्तनात ही कथा ऐकताना आम्हांस नेहमी एक शंका येत असे. जडभरत तसाच न बोलता पालखी वाहत राहिला असता तर? त्याच्या जपून चालण्याला अर्थ होताच, पण तो कोणी विचारला नाही. मान मिळाला तो राजाला उमगणाऱ्या भाषेत राजाला मानवेल असे बोलल्यानंतर. पैठणच्या रेड्याचेही तेच. वेद म्हणाला म्हणून तो पूज्य झाला. त्याच्या नित्याच्या रेकण्याची नोंद कोणत्याही चरित्रकाराने घेतलेली नाही.

हीच शंका 2007 साली अमेरिकेतील एका स्वमग्न व्यक्तीने साऱ्या जगाला विचारली, आणि तीही एका लहानशा चित्रफितीतून. मेल बॅग्ज यांची ‘इन माय लँग्वेज’ ही फीत अवघी साडेआठ मिनिटांची आहे. पहिली सुमारे तीन मिनिटे तीत एकही शब्द नाही. खिडकीच्या उजेडासमोर एक आकृती डोलते, हात हलवते, एक लांबट सूर गुणगुणत राहते. नळाच्या धारेखाली बोटे फिरत राहतात. उघड्या पुस्तकाच्या पानांवर गाल घासला जातो. पाहणाऱ्याच्या मनात दया, कुतूहल आणि थोडा कंटाळा यांचे मिश्रण तयार होते; निदान आमच्या मनात ते झाले. मग पडद्यावर ‘भाषांतर’ असा शब्द उमटतो, आणि बॅग्ज यांनी टंकलेला मजकूर एक यांत्रिक आवाज वाचू लागतो. आतापर्यंत जे चालले होते तीच आपली भाषा, असे हा आवाज सांगतो. पाण्याची धार कशाचेही प्रतीक नव्हती. आपण पाण्याला उत्तर देत होतो आणि पाणी आपल्याला. जो माणूस भोवतालच्या प्रत्येक वस्तूशी अखंड बोलत असतो त्याला लोक आपल्यातच बुडालेला म्हणतात, आणि जो थोड्याच वस्तूंना, थोड्याच ठरलेल्या रीतीने प्रतिसाद देतो त्याला जगाकडे मोकळ्या मनाने पाहणारा म्हणतात, हे कसे? आपण तुमची भाषा शिकलो नाही तर ती आपली उणीव ठरते. तुम्ही आपली शिकला नाहीत तर ती मात्र तुमची उणीव ठरत नाही, हे कोणत्या न्यायाने?

येथे आमच्या भाषेलाही एक प्रश्न पोहोचतो. ‘ऑटिझम’ला आपण ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक धातूस धरून तो बनवलेला असल्यामुळे भाषांतर म्हणून निर्दोष आहे. परंतु बॅग्ज यांचा आक्षेप जर खरा असेल तर मुळातच चूक असलेल्या वर्णनाचे हे अचूक भाषांतर होय. फितीतील आकृती ‘स्व’त मग्न नाही. ती पाण्यात, कागदात, उजेडात मग्न आहे. शब्द आता इतका रुळला आहे की तो टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही, आणि या लेखात आम्हीही तोच वापरणार आहोत. पण तो वापरताना त्यातील आरोप ध्यानात असावा.

बॅग्ज यांचा जन्म 15 ऑगस्ट 1980 रोजी कॅलिफोर्नियात झाला. पुढील आयुष्य व्हर्माँट प्रांतातील बर्लिंग्टन येथे गेले आणि तेथेच 11 एप्रिल 2020 रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते संपले. आरंभीचे नाव अमांडा, नंतर अमेलिया, शेवटी मेल. बॅग्ज स्वतःला स्त्री किंवा पुरुष मानीत नसत. प्रत्येक क्रियापदागणिक लिंग मागणाऱ्या मराठीत अशा व्यक्तीविषयी लिहिणे अवघड आहे. जुन्या गद्यातील ‘यांनी’ आणि ‘असत’ ही आदरार्थी रूपे येथे आमच्या मदतीस आली, हे सहज नमूद करतो.

फितीमुळे बॅग्ज यांची कीर्ती झाली खरी, परंतु लेखक म्हणून त्यांची ताकद त्यापूर्वीच्या एका कृतीत अधिक स्पष्ट दिसते. 2005 च्या सुमारास अमेरिकेतील एका मोठ्या स्वमग्नता संस्थेने लोकांच्या मनात करुणा जागवणारी छायाचित्रांची मोहीम काढली. बॅग्ज यांनी तिला उत्तर म्हणून ‘गेटिंग द ट्रुथ आउट’ हा चित्रमय निबंध रचला. आरंभी तीच करुणेची भाषा, तीच काळी-पांढरी छायाचित्रे, तोच तृतीयपुरुषी सूर : ही पाहा बिचारी, हिला बोलता येत नाही, ही डोके झाकून बसते. वाचक हळहळत पुढे जातो, आणि मध्यावर निवेदक बदलतो. चित्रातील ‘बिचारी’च लेखक आहे, ही छायाचित्रे कशी निवडली, वाचकाला कोणत्या शब्दाने कोठे हळहळायला लावले, हे तीच आता सांगू लागते. निवेदकाची ही अदलाबदल कादंबरीत कोणी केली असती तर आमच्या टीकाकारांनी तिच्या तंत्रावर पानेच्या पाने लिहिली असती. येथे ते तंत्र म्हणून आलेले नाही. ज्याच्याविषयी सदैव ‘तो’ आणि ‘ती’ म्हणून बोलले गेले, त्याने ‘मी’ म्हणण्याचा तो क्षण आहे.

आम्ही तंजावुरात बसून हे लिहितो, म्हणून या ठिकाणी एका ओळखीच्या संग्रहाची आठवण होणे स्वाभाविक आहे. सरस्वती महालात दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील (1798 ते 1832) नेत्ररोग्यांची टिपणे जपलेली आहेत. रोगी कोण, डोळ्यास काय झाले, काय उपचार केले, असा वृत्तांत त्यांत असून सोबत डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. त्या काळाच्या मानाने ही नोंद अपूर्व होय आणि तिचा आम्हांस अभिमान आहे. तरी पण लेखणी तेथे वैद्याच्या बाजूला आहे. डोळा कसा दिसत होता हे आपणांस कळते. त्या डोळ्याला जग कसे दिसत होते हे रोग्याने स्वतः लिहावे, अशी अपेक्षा त्या काळी कोणासच नव्हती. अपंगांविषयीचे जगातील बहुतेक लेखन आजवर याच जातीचे आहे. बॅग्ज यांनी लेखणीची बाजू बदलली, आणि त्यांच्या साऱ्या लेखनाचा विचार आम्हांस येथूनच करावासा वाटतो.

इंटरनेटवर बॅग्ज यांनी वर्षानुवर्षे चालवलेल्या लेखमालेचे नाव ‘बालास्टएक्झिस्टेंझ’. हा जर्मन शब्द आहे. 1920 साली बिंडिंग आणि होखे या दोन विद्वानांनी ‘जगण्यास अपात्र जीवन’ नष्ट करण्यास मुभा असावी असा ग्रंथ लिहिला. त्यात असाध्य मनोरुग्णांना आणि मतिमंदांना हे नाव दिले होते. जहाजाच्या तळाशी केवळ वजनासाठी भरलेला दगडधोंडा, असा त्यातील भाव. 1939 पासून जर्मनीत अपंगांची जी पद्धतशीर हत्या झाली तिच्यामागे ही विचारसरणी उभी होती. हा शब्द परका म्हणून आम्ही हात झटकू नयेत. ‘खायला काळ नि भुईला भार’ असे आपल्या घरोघरी म्हटले गेले आहे. बॅग्ज यांनी ती शिवीच शीर्षक म्हणून कपाळी लावली.

आणि तो नुसता शब्दांचा खेळ राहिला नाही. 2013 साली पोटाच्या विकाराने अन्न जाईनासे झाले, तेव्हा आतड्यात नळी बसवून घेण्याचा बॅग्ज यांचा निर्णय पक्का होता. पण रुग्णालयातील डॉक्टर पुनःपुन्हा ‘दुसऱ्या मार्गा’चा विचार करा असे सुचवीत राहिले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. दुसरा मार्ग म्हणजे मरण. अपंगांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या स्नेह्यांनी आवाज उठवला आणि नळी बसली. त्यानंतरची जवळजवळ सात वर्षे बॅग्ज यांना त्या नळीने दिली. टीकालेखात हा प्रसंग कशाला, असे एखादा वाचक म्हणेल. ‘बोलता येत नाही’ या दोन-तीन शब्दांतून ‘जगणे व्यर्थ’ हा निष्कर्ष किती थोड्या पावलांत निघतो, ते याखेरीज कळत नाही म्हणून.

आता आमचा मतभेद. पाण्याशी चाललेल्या देवघेवीला बॅग्ज ‘भाषा’ म्हणतात. आमच्या शास्त्रकारांनी शब्दाच्या अर्थबोधाला संकेत आवश्यक मानला आहे. अमुक शब्दाने अमुक अर्थ घ्यावा असा बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात ठराव लागतो. नळाच्या धारेशी असा ठराव होत नाही. तिला भाषा म्हटल्याने भाषेची कल्पना इतकी ताणली जाते की मग वाऱ्याने हलणारे पानही बोलू लागेल. कोणी म्हणेल, परा, पश्यन्ती, मध्यमा आणि वैखरी या चार वाणींपैकी बॅग्ज यांनी फक्त वैखरी सोडली आहे. हा मोह आवरावा, असे आमचे मत आहे. न बोलणाऱ्याला मतिमंद ठरवण्याइतकाच योगी ठरवणे हाही त्याचे म्हणणे न ऐकण्याचा प्रकार होय. बॅग्ज यांनी हा देव्हारा कधीच मागितला नव्हता. ही फीत म्हणजे स्वमग्न मनाच्या चमत्कारांचे प्रदर्शन नव्हे, असे तीतच बजावले आहे. ‘भाषा’ या शब्दावर आमचा वाद कायम ठेवूनही आम्ही म्हणू की फितीचा खरा प्रश्न व्याकरणाचा नाही. माणूसपण भाषेच्या परीक्षेवर अवलंबून का असावे, हा तो प्रश्न आहे. आणि त्यावर आमच्याजवळ आक्षेप नाही.

या परीक्षेची तंजावुरी मराठी घराण्यांना थोडी ओळख आहे. येथे मराठी राज्य 1676 पासून 1855 पर्यंत होते. शहाजी राजांनी ‘पंचभाषाविलास’ रचून संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाचही भाषांना एका रंगभूमीवर आपापल्या आवाजात बोलू दिले. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. आज घरी बोलली जाणारी आमची मराठी मात्र देशावरच्या पाहुण्याला ऐकवली की तो हसतो आणि विचारतो, ‘ही मराठी का?’ दोन्ही दुःखे एका मापाची आहेत असे आम्ही कसे म्हणू? आम्हांस कोणी उपाशी ठेवण्याचा सल्ला दिलेला नाही. पण भाषेचे प्रमाणपत्र देणारा सदैव दुसऱ्याच तीरावर असतो, एवढा अनुभव आम्हांस आहे.

बॅग्ज यांच्याविषयी एक वाद झाला, तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. लहानपणी आणि महाविद्यालयात आपण त्यांना बोलताना ऐकले आहे, असे काही जुन्या परिचितांनी सांगितले, आणि सारेच ढोंग असल्याचा बोभाटा झाला. पूर्वी वाचा होती, ती अनियमित होती आणि पुढे गेली, हे बॅग्ज यांनी स्वतःच सांगितलेले होते. दुसऱ्या एका शंकेला मात्र आम्ही अधिक वजन देतो. न बोलणाऱ्याचा हात किंवा मनगट धरून त्याच्याकडून टंकन करवून घेण्याची एक पद्धत 1990 नंतर फोफावली. नियंत्रित चाचण्यांत ते शब्द मदतनिसाचे असल्याचे आढळले. म्हणजे ज्याला वाचा दिली असे वाटले त्याच्या तोंडी दुसऱ्याचीच वाचा घातली गेली. बॅग्ज यांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण टंकन ते स्वतःच्याच हातांनी, कोणाचा आधार न घेता करीत. आपल्या देशातील टिटो राजर्षी मुखोपाध्याय (जन्म 1989) यांचे बालपण म्हैसूर-बंगळूरकडे गेले. 2000 साली लंडनहून निघालेल्या ‘बियाँड द सायलेन्स’ने ते प्रसिद्ध झाले. टिटो स्वतः हाताने लिहितात. पण त्यांच्या मातोश्रींनी अक्षरफलकाची जी पद्धत पुढे इतर मुलांसाठी प्रचारात आणली तिला अद्याप शास्त्रीय पुरावा लाभलेला नाही. लेखन कोणाचे, हा प्रश्न विचारणे क्रूरपणाचे आहे असे काहीजण म्हणतात. आम्हांस तो न विचारणे अधिक क्रूर वाटते. मात्र उत्तर मिळाल्यावर पुन्हापुन्हा तोच विचारणे हा छळ होय, आणि तो बॅग्ज यांच्या वाट्यास आला.

आपल्या वाङ्मयात याला जवळचे काही आहे का? आम्हांस एकच ग्रंथ आठवतो, तो म्हाइंभटाचे ‘गोविंदप्रभुचरित्र’. ऋद्धिपूरच्या राउळांचे वागणे लोकांना वेड्यासारखे वाटे. आज त्यांना कोणते निदान लावावे, असल्या उठाठेवीत आम्ही पडत नाही. नवल आहे ते तेराव्या शतकातील त्या गद्यकाराचे. राउळांनी काय हातात घेतले, कोठे बसले, कशावर हसले, हे तो एकेक करून टिपतो आणि बहुधा अर्थ सांगत नाही. भक्ती होती म्हणून हे साधले, हे उघड आहे. त्याच गावात तशाच वागणाऱ्या दुसऱ्या कोणाचे चरित्र झाले नाही.

कायद्याने आपल्याकडे थोडी वाट चालली आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने ती पालकत्वाच्या संदर्भात आणली. 2016 च्या अधिनियमात ती एकवीस अपंगत्वांमध्ये स्वतंत्रपणे आली, आणि ‘संप्रेषण’ या शब्दाची व्याख्या ब्रेल, स्पर्श, खुणा, चित्रे आणि वाचेला पर्यायी साधने यांपर्यंत रुंद झाली. कचेरीतील कारकुनापर्यंत ही व्याख्या पोहोचायची आहे.

फितीच्या उत्तरार्धाचा मराठी अनुवाद व्हावा अशी आमची इच्छा आहे. अनुवादकाने ‘संवाद’ हा शब्द जपून वापरावा. त्यात वाद आहे, म्हणजे बोलणे आलेच. ‘देवघेव’ किंवा ‘प्रतिसाद’ अधिक जवळचे. यांत्रिक आवाजाऐवजी एखाद्या नटाचा भावपूर्ण आवाज घालण्याचा आग्रह कोणी धरील, तो मानू नये. आणि पहिल्या तीन मिनिटांवर मराठी निवेदन मुळीच चढवू नये. ती आहेत तशीच, गुणगुणण्यासह, पुरी दाखवावीत.