कलत्या उन्हातलं लोणार

लोणार बघावं ते आश्विनात, ऊन कलल्यावर, आणि जमलं तर सायकलवर. मोटारीतून येणारा थेट विवराच्या कड्यावर उतरतो, आत डोकावतो, फोटो काढतो आणि निघतो. सुलतानपूरकडून पायडल मारत येणाऱ्याला रस्त्याकाठी सोंगलेल्या सोयाबीनच्या सुड्या दिसतात, फुटू लागलेली कपाशी दिसते, नवरात्र असेल तर कमळजादेवीच्या यात्रेला ओटी घेऊन निघालेल्या बायाही भेटतात. गाव मागे टाकून कड्याकडे वळलं की मग पोटऱ्यांना जमीन कळू लागते. उल्का आदळली तेव्हा बेसाल्टचे थर बाहेरच्या अंगाला उलथले. त्यामुळे विवराची कड भोवतालच्या सपाटीहून सुमारे २० मीटर उंच आहे. जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाच्या खड्ड्याकडे जाताना आधी चढ लागावा, ही गंमत सायकलवाल्याच्याच वाट्याची.

पण त्याआधी गावातल्या दैत्यसूदन मंदिराला पुरेसा वेळ द्या. लोक समोरून आत शिरतात. तुम्ही मात्र एका कोपऱ्याशी, चार पावलं लांब उभे राहा. तारकाकृती विधानामुळे भिंत सरळ अशी कुठे जातच नाही. हातभर पुढे येते, मुडपते, पुन्हा पुढे येते. तिरपं ऊन पडलं की एक कोन उजळतो, त्याला लागून असलेला काळवंडतो. खाली अधिष्ठानाचे आडवे थर आणि वर या उभ्या कडा, दोन्ही एकमेकांना छेदतात तिथे सावली अशी काही तुटते की दगड घडी घातलेल्या लुगड्यासारखा दिसतो. भर बाराला हेच काम सपाट वाटतं. मूळ शिखर उरलेलं नाही, माथ्यावर विटांचं बांधकाम तेवढं दिसतं. हळहळ वाटते खरी, पण उंचीकडे पळणारी नजर त्यामुळे भिंतीवरच खिळून राहते, हेही मान्य करायला हवं.

आत गेल्यावर अंधाराला डोळे सरावू द्या आणि मग मान वर करा. वितानावर दैत्यांचे वध आहेत: लवणासुर, हिरण्यकशिपू, कंस. सुटे सुटे पाहिले तर ओळखीचे पुराणप्रसंग. एकापाठोपाठ एक पाहिले की शिल्पींनी एकच सूत्र धरलंय हे उमगतं. गाभाऱ्यातल्या देवाचं बिरूदच त्यांनी छतावर कोरलंय. त्यातला लवणासुर तर इथलाच. जमिनीखालच्या विवरात तो लपून बसे आणि विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्यावरचं झाकण उडवलं, अशी आख्यायिका गावात सांगतात. म्हणजे इथून थोड्याच अंतरावर असलेल्या खड्ड्याची कुळकथा या छतात आहे! दगडात स्थळपुराण इतकं नेमकं बसवलेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

देवळातून निघालात की कड्यावरच्या धारेवर गोमुखातून पडणारं गोडं पाणी ओंजळीने प्या. खाली विवरातल्या सरोवराचं पाणी क्षारयुक्त, त्यामुळे ही चव आणखी जाणवते. सायकल वरच ठेवून पायवाटेने रानातून उतरायचं. पाण्याच्या काठावर कमळजादेवीचं देऊळ आहे. दैत्यसूदनानंतर इथली भिंत अगदी अबोल वाटते. शिल्पांची ती दाटी इथे नाही, नुसता काळा दगड. नवरात्रात मात्र या साधेपणाचाच उपयोग होतो, कारण हळद, कुंकू, झेंडू आणि खणांचे रंग त्या काळ्यावर जसे खुलतात, तसे कोरीव भिंतीवर खुलले नसते. शेजारी सरोवर हिरवं. २०२० च्या जूनमध्ये सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झालं होतं. त्याच वर्षी पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं.

पश्चिमेचा कडा आड येत असल्याने तळाशी ऊन लवकर आटोपतं. तरी बायांचा पाय निघत नाही. ओटी भरून झाली की त्या सासू-सुनेची विहीर शोधतात, जिचं पाणी एका अंगाला गोड आणि दुसऱ्या अंगाला खारट असल्याचं सांगतात. सरोवर चढलं की ती बुडते, ओसरलं की उघडी पडते. त्यामुळे वर चढून येणाऱ्या प्रत्येकीला उतरणाऱ्या बाया हेच विचारत असतात, यंदा दिसते का विहीर?