प्रशियाचा फेरनिवाडा

२५ फेब्रुवारी १९४७ रोजी दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने कायदा करून प्रशिया हे राज्य मोडीत काढले. लष्करशाहीचे आणि प्रतिगामित्वाचे ते आरंभापासूनचे वाहक, असा ठपका त्या कायद्यात होता. क्रिस्टोफर क्लार्क यांचा ‘आयर्न किंग्डम’ (२००६) हा इतिहासग्रंथ त्या ठपक्याची फेरतपासणी करतो.

क्लार्क प्रशियाचे वकीलपत्र घेत नाहीत. तीस वर्षांच्या युद्धात उजाड झालेला ब्रांडेनबुर्ग, त्यानंतर उभारलेले खडे सैन्य, १७०१ चा राज्याभिषेक आणि १८७१ चे जर्मन साम्राज्य हा उत्कर्ष ते साक्षेपाने मांडतात; पण फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनॉटांना १६८५ मध्ये दिलेला आश्रयही विसरत नाहीत. जर्मनीचे एकीकरण ही प्रशियाची परिपूर्ती नसून त्याच्या विलयाचा प्रारंभ होता, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन.

त्याला बळ देणारी घटना १९३२ ची. २० जुलै रोजी चान्सेलर पापेन यांनी प्रशियातील ओट्टो ब्राउन यांचे सरकार पदच्युत केले. समाजवादी लोकशाही पक्षाच्या नेतृत्वाखालील हे राज्य म्हणजे जर्मन प्रजासत्ताकाचा भक्कम बुरूज होता. तो हिटलरच्या सत्ताग्रहणापूर्वीच ढासळला. पंधरा वर्षांनी झालेला कायदा म्हणजे एका अर्थी मृतालाच ठोठावलेली शिक्षा!

एक वैगुण्य मात्र जाणवते. ज्या ‘लोखंडी’ प्रतिमेशी ग्रंथ झुंजतो, तीच त्याच्या शीर्षकावर मिरवते. तरीही एखाद्या राज्याच्या अखेरीवरून त्याच्या साऱ्या गतकाळाचा निवाडा करण्याची घाई किती अन्यायकारक ठरते, हे उमगण्यासाठी जिज्ञासूंनी तो अवश्य वाचावा.