तारामाशाची गोष्ट : एका दृष्टान्ताची चिकित्सा

काही गोष्टी आपण इतक्या वेळा सांगतो की त्या स्वतः ऐकायच्या राहून जातात. तारामाशांची गोष्ट ही माझ्या बाबतीत अशीच एक. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसल्यापासून दहावीच्या निरोप समारंभात मी ती दरवर्षी सांगत आलो. पहिल्यांदा ऐकली ती एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात, कानडीतून. ‘नक्षत्रमीनु’ हा शब्द त्या दिवशी मला फार गोड वाटला होता. पुढे ती इंग्रजी पुस्तकात भेटली, मराठी व्याख्यानांत भेटली, आणि आता तर सकाळच्या शुभेच्छांबरोबर मोबाईलवरही येते. एकच गोष्ट तीन भाषांतून कानावर येणे याचे आम्हा सीमाभागातल्या माणसांना नवल नाही.

वाचकांना ती ठाऊक असेलच. तरी पुढच्या विवेचनाच्या सोयीसाठी थोडक्यात सांगतो. भरतीच्या लाटांनी हजारो तारामासे वाळूवर आणून टाकले आहेत. उन्हे चढली की ते मरणार. एक मुलगा (कुठे तो म्हातारा असतो, कुठे तरुण) एकेक उचलून पाण्यात फेकतो आहे. वाटेने जाणारा एक शहाणा त्याला म्हणतो, इतक्या हजारांत तुझ्या या खटाटोपाने काय फरक पडणार? मुलगा आणखी एक उचलतो, फेकतो आणि सांगतो, निदान याला तरी पडला. इथे टाळ्या पडतात. माझ्याही भाषणाला पडत आल्या.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत नववीची सहल घेऊन आम्ही मालवणला गेलो होतो. सकाळी रापण ओढून झाली होती. कामाचे मासे टोपल्यांत भरून गेले होते आणि वाळूवर उरले होते बारके खेकडे, शिंपले आणि पंधरा-वीस तारामासे. मुलांना गोष्ट पाठ होती, कारण आमच्याकडे निरोप समारंभाला आठवी-नववीही बसते. मग काय, पोरे धावली आणि फेकाफेकी सुरू झाली. मी कौतुकाने पाहत होतो. पाहता पाहता लक्षात आले की, मोठे, पाचही बाहू शाबूत असलेले तारामासे आधी उचलले जात होते. लहान, बाहू तुटलेले तसेच पडले होते आणि दोन-तीन तर धावपळीत पायांखाली चिरडले गेले. एक मुलगी तसलाच एक तुटका तारामासा तळहातावर घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, गोष्टीतल्या त्या माणसानं कुठला उचलायचा ते कसं ठरवलं ओ?”

मला उत्तर देता आले नाही. त्या वर्षी आमच्या शाळेत शिष्यवृत्ती परीक्षेसाठी जादा वर्ग मी स्वतः घेत होतो. त्यासाठी वर्गातली बारा मुले निवडली होती. ही मुलगी त्या बारांत नव्हती. तिच्या प्रश्नात टोमणा नव्हता, हे मी खात्रीने सांगतो. पण तो मला लागला.

मराठी गद्याच्या आरंभकाळातच ‘दृष्टान्तपाठ’ हा ग्रंथ आहे, हे एम.ए.च्या अभ्यासात आम्ही घोकले होते. चक्रधरस्वामींची वचने आणि त्यांनी सांगितलेले दृष्टान्त केसोबासांनी त्यात एकत्र केले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्त मूळ विचाराला कसा लागू पडतो त्याची फोड. तिन्ही भाग समोर असल्यामुळे गोष्ट आणि तात्पर्य यांचा सांधा जुळतो की नाही, हे वाचकाला तपासता येते. व्यासपीठावरच्या गोष्टींत हा सांधा टाळ्यांत बुडून जातो. सहलीहून परतल्यावर मी ठरवले की, तारामाशाच्या गोष्टीला एकदा ही कसोटी लावून पाहावी.

आधी खुद्द तारामासा. तिन्ही भाषांनी त्याला मासा म्हटले असले तरी तो मासा नाही. त्याला कणा नाही, कल्ले नाहीत, मेंदू नाही आणि रक्तही नाही. समुद्राचेच पाणी त्याच्या अंगातल्या नळ्यांतून फिरते आणि त्याच्या दाबावर शेकडो नलिकापाद हलतात. हा कंटकचर्मी वर्गातला प्राणी असून त्याच्या सुमारे १९०० जाती ज्ञात आहेत. बाहूच्या टोकाला उजेड-अंधार ओळखणारा एक ठिपका असतो, तोच त्याचा डोळा. आणि गोष्टीत इतका गरीब दिसणारा हा जीव पक्का शिकारी आहे. शिंपल्याला बाहूंनी कवटाळून तो त्याची झडप किंचित उघडतो, स्वतःचे जठर तोंडावाटे बाहेर काढून त्या फटीत सारतो आणि आतला जीव तिथल्या तिथे पचवतो. तेव्हा एका तारामाशाला जीवदान म्हणजे कित्येक शिंपल्यांना मरण. गोष्ट याबद्दल अवाक्षर काढत नाही.

त्याचा आणखी एक गुण सर्वांना माहीत असतो. तुटलेला बाहू त्याला पुन्हा फुटतो. मात्र उलट बाजूने तसे सहसा होत नाही. तुटून पडलेल्या बाहूपासून नवा तारामासा व्हायचा, तर बहुतेक जातींत त्या बाहूबरोबर मधल्या चकतीचा काही भाग यावा लागतो. नुसत्या बाहूपासून सगळा देह उभा करणाऱ्या जाती अगदी थोड्या. चकतीवाचून तुटलेला बाहू काही काळ वळवळतो, जिवंत वाटतो, पण त्याचा तारा होत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता गोष्टीचे मूळ. ते लॉरेन आयझ्ली या अमेरिकन लेखकाच्या ‘द स्टार थ्रोअर’ या निबंधात आहे. आयझ्लींचा जन्म १९०७ सालचा, नेब्रास्कातला. मृत्यू १९७७ मधला. पेशाने ते मानववंशशास्त्रज्ञ, पेन्सिल्वेनिया विद्यापीठात प्राध्यापक. डार्विनच्या काळावर त्यांनी अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला. हा निबंध १९६९ सालच्या ‘द अनएक्स्पेक्टेड युनिव्हर्स’ या पुस्तकात आला आणि १९७८ साली निघालेल्या त्यांच्या निवडक लेखांच्या संग्रहाला त्याचेच नाव मिळाले. मी तो वाचला आणि बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. माझ्या भाषणातली गोष्ट त्यात जवळजवळ नव्हतीच.

निबंधातला किनारा कॉस्टाबेल नावाचा. तिथे पहाटेच्या काळोखात विजेऱ्या घेऊन माणसे धावतात ती शंख-शिंपले गोळा करण्यासाठी. आतले जीव जिवंत असतात. ते उकळून काढण्यासाठी हॉटेलांनी बाहेर मोठमोठी भांडी ठेवलेली आहेत. या हावरट गर्दीपासून दूर, इंद्रधनुष्याच्या कमानीखाली, एकटा माणूस निवेदकाला दिसतो. तो चिखलात श्वासासाठी धडपडणारा तारामासा उचलून लाटांपलीकडे फेकतो. निवेदक विचारतो, तुम्हीही गोळा करता का? तो म्हणतो की करतो, पण अशा रीतीने आणि जिवंतांसाठीच. आपल्या कृतीने किती फरक पडला, याचा हिशोब तो देत नाही. आणि निवेदक काय करतो? तो निघून जातो. आपण काहीच गोळा करत नाही, ना जिवंत, ना मेलेले, असे म्हणून तो पाठ फिरवतो.

त्यानंतरची पाने काळोखाची आहेत. जीवनकलह, उत्क्रांती, विज्ञानाने माणसाच्या हाती ठेवलेले रिकामेपण यांचा विचार करत हा शास्त्रज्ञ खोलीत बसतो. त्याला आपली बहिरी, दुःखाने पिचलेली आई आठवते. जुन्या छायाचित्रातले तिचे डोळे आठवतात. या जगातल्या हरलेल्या, दुबळ्या जिवांवर आपले प्रेम आहे, ही कबुली शास्त्रज्ञ म्हणून त्याला जड जाते. ती दिल्यावर तो किनाऱ्यावर परततो, त्या माणसाला शोधून काढतो आणि त्याच्या शेजारी उभा राहून स्वतः तारामासे फेकू लागतो.

मूळ निबंध आणि प्रचलित गोष्ट शेजारी ठेवली की काय काय छाटले गेले ते दिसते. पहिले, शंख उकळणारी माणसे गेली. त्यामुळे किनाऱ्यावरच्या मरणात माणसाचा काही हात असू शकतो, ही जाणीवच गेली. दुसरे, निवेदकाची पाठ आणि त्याची रात्र गेली. उरला तो एका वाक्यात गप्प बसणारा शहाणा. तिसरे, शेवटी तो स्वतः वाकतो हे पुष्कळ आवृत्त्यांतून गेले आणि त्याच्या जागी एक चटकदार उत्तर आले. १९९३ सालच्या ‘चिकन सूप फॉर द सोल’ या अफाट खपाच्या संग्रहातही ही गोष्ट आहे. तिथे ती मेक्सिकोच्या किनाऱ्यावर घडते आणि त्याच उत्तरावर संपते. मूळ निबंध विचारतो की, मरणच अखेर जिंकणार हे पक्के ठाऊक असलेल्या माणसाने करुणा का करावी? प्रचलित गोष्ट तो प्रश्न सोडून देते आणि थोडासा विजय पदरात टाकून आपल्याला घरी पाठवते. मघाशी सांगितलेला तुटका बाहू तो हाच. मधली चकती सोबत न घेता ही गोष्ट जगभर वळवळते आहे.

ज्या १९६९ साली आयझ्लींचे पुस्तक निघाले, त्याच साली रॉबर्ट पेन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने ‘कीस्टोन’ जातीची संकल्पना मांडली. कीस्टोन म्हणजे कमानीतला कळीचा दगड, जो काढला की कमान ढासळते. तिच्यामागेही तारामासाच होता, आणि गंमत अशी की पेनही तारामासे समुद्रात फेकत होते, अगदी उलट हेतूने. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील सुमारे आठ मीटर लांब, दोन मीटर उंच अशा खडकाच्या पट्ट्यावरून त्यांनी १९६३ पासून तारामासे पहारीने सोडवून दूर फेकले आणि पुढे काय होते ते पाहिले. शिकारी गेल्यावर शिंपल्यांनी सारी जागा बळकावली. पंधरा जातींच्या जागी आठच उरल्या. म्हणजे शिंपले खाणारा हा क्रूर जीवच इतर दुबळ्यांना जागा राखून ठेवत होता. मला हे वाचून आयझ्लींचा निबंध खोटा वाटला नाही. उलट, एकेका जिवाची किंमत एकेकटी मोजता येत नाही, हे पेन यांच्या खडकावर दिसले. ‘निदान याला तरी’ हा हिशोब मात्र मला अपुरा वाटू लागला.

आणि ‘हे किनाऱ्यावर आले कसे?’ हा प्रश्न तर गोष्टीत कुणी विचारतच नाही. २०१३ पासून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत, तारामासे एका रोगाने अक्षरशः विरघळून मेले. वीस-चोवीस बाहूंच्या सूर्यफूल तारामाशाची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. त्याने खायचे ते समुद्री साळू माजले आणि त्यांनी पाण्याखालची केल्प शेवाळांची जंगले फस्त केली. तिथे कुणी कितीही तारामासे उचलून पाण्यात टाकले असते, तरी उपयोग नव्हता, कारण मरण पाण्यातच होते. संशोधक बारा वर्षे कारण शोधत राहिले आणि २०२५ साली एका जीवाणूचे नाव निश्चित झाले. चिकाटीने कारण शोधणारे हे लोकही मला तारे फेकणाऱ्यांच्याच जातीचे वाटतात, मात्र त्यांच्यावर अजून कुणी गोष्ट रचलेली नाही.

प्रचलित गोष्टीवर अन्याय होऊ नये म्हणून एक सांगितले पाहिजे. थकलेल्या माणसाला ती धीर देते. पट घसरत चाललेल्या शाळेत सकाळी वर्गावर जाताना मलाही तिने धीर दिला आहे, ते ऋण मी नाकारत नाही. आक्षेप तिच्या सोयीस्करपणाला आहे. ती फेकणाऱ्याकडे पाहते, न उचललेल्याकडे पाहत नाही. माझे बारा विद्यार्थी मी मोजत होतो, त्यांच्या यशावर सत्कारही घेत होतो. उरलेल्या एकतीस जणांसाठी माझ्या भाषणात एकही वाक्य नव्हते, कारण गोष्टीतच त्यांना जागा नव्हती.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आयझ्लींच्या निबंधातही सरळ मिळत नाही. इतकेच दिसते की, तो माणूस सुंदर कोण, मोठा कोण हे पाहत नाही. जिवंत आहे ना, एवढेच पाहतो आणि पायाशी जो आहे तो उचलतो. हा निकष शाळेत आणायचा, तर निवडीची यादी फाडावी लागते.

गेल्या वर्षी मी जादा वर्ग सर्वांना खुला केला. येणाऱ्यांची संख्या पहिल्या आठवड्यात चाळीस होती, दिवाळीनंतर सव्वीसवर आली. शिष्यवृत्तीच्या यादीत आमची मुले आधीपेक्षा दोन कमी लागली आणि व्यवस्थापनाच्या बैठकीत मला त्याबद्दल विचारणाही झाली. मी कारण सांगितले. सर्वांना ते पटले असे नाही. ती मुलगी वर्गाला नियमित येत असे. तिला शिष्यवृत्ती मिळाली नाही. गणितात मात्र ती आता अडली की हात वर करते.

यंदाच्या निरोप समारंभात मी तारामाशांची गोष्ट पुन्हा सांगितली, पण या वेळी निवेदक पाठ फिरवून निघून जातो तिथपर्यंतच. पुढे त्याने काय करावे, ते मुलांना विचारले आणि खाली बसलो. टाळ्या पडल्या नाहीत. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून एक हात वर आला.