आकडा बरोबर, अर्थ चुकीचा

कुटुंबविषयक सर्वेक्षणांवरील लेखांत एक वाक्य हमखास भेटते: ‘आईचे शिक्षण वाढले की मुलांची शाळेतील हजेरी वाढते.’ त्यामागील आकडेमोड बहुधा बरोबर असते. आमचा आक्षेप ‘वाढले की’ या शब्दांवर आहे. १९९२-९३ पासून होत असलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या पाहण्यांत एकाच सुमारास निरनिराळ्या घरांची माहिती घेतली जाते. एकाच घरातील आई शिकल्यावर काय बदलले, हे त्यांत पाहिलेले नसते.

या आकडेमोडीच्या पद्धतीला समाश्रयण म्हणतात. तिचा उगमही कुटुंबांच्याच अभ्यासात आहे. १८८६ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी २०५ दांपत्ये व त्यांची ९२८ प्रौढ मुले यांच्या उंचीवर निबंध प्रसिद्ध केला. आईवडिलांची उंची सरासरीहून ३ इंच जास्त असेल, तर मुलांची साधारण २ इंचच जास्त आढळली. याचे कारण गाल्टन यांनी पूर्वजांच्या वारशात शोधले. परंतु त्याच निबंधात उलटे गणितही आहे. मुले ३ इंच उंच असतील, तर आईवडील सुमारे १ इंचच जास्त! वारसा तर मुलांकडून आईवडिलांकडे जात नाही. म्हणजे रेषेचा चढ केवळ संबंध दाखवतो. कारण कोणते, हे ती सांगत नाही.

आता बीड जिल्ह्यातील युसूफ वडगावचे उदाहरण घेऊ. समजा, तेथील मुलांची हजेरी व आईची इयत्ता यांचा आलेख काढला आणि रेषा चढती आली. पण जिल्ह्यातील अनेक जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि मुलेही सोबत जातात. जाणाऱ्या घरांत आईचे शिक्षण कमी असेल, तर स्थलांतराचा परिणाम शिक्षणाच्या नावावर जमा होईल. म्हणून जाणारी व राहणारी घरे वेगळी करून पाहावे. त्यातही सावधगिरी हवी: आईच्या शिक्षणामुळेच स्थलांतर टळत असेल, तर या विभागणीत शिक्षणाचा तेवढा परिणाम झाकला जाईल.

हा काथ्याकूट नव्हे. कारण चुकले की उपायही चुकतो. हंगामी वसतिगृह हवे तेथे आपण आईला बोल लावत बसतो. शिवाय रेषा गटाच्या सरासरीची असते. ‘आई निरक्षर, तेव्हा हे मूल गळणार’ असे वर्गातील एखाद्या मुलाविषयी ठरवण्याचा अधिकार कोणताही आलेख शिक्षकाला देत नाही.