टी-कसोटीचा निष्कर्ष आणि त्याच्या मर्यादा : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील कामगारविषयक संशोधनाच्या संदर्भात

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील कायम व कंत्राटी कामगारांची तुलना हा वाणिज्य व व्यवस्थापन शाखांतील संशोधनाला सहज सुचणारा विषय आहे. अशा संशोधनात टी-मूल्य सारणीमूल्याहून अधिक आले की शून्य परिकल्पना फेटाळायची, कमी आले की स्वीकारायची आणि विवेचन तेथेच थांबवायचे, ही पद्धत सदोष आहे.

डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यातील विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने या कसोटीचा पाया घातला. अल्प नमुन्यावरून निर्णय घेण्याची कारखान्याची गरज हे तिचे मूळ होय. दोन सरासरींतील फरकाला त्याच्या प्रमाण त्रुटीने भागले असता टी-मूल्य मिळते. मूळ समष्टींत फरक नसता, तर केवळ नमुना-निवडीमुळे एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता किती, एवढेच त्यावरून कळते.

समजा, कार्यसमाधानाच्या १०० गुणांच्या मापनश्रेणीवर दोन्ही गटांचे प्रमाण विचलन १२ आहे. प्रत्येकी १२ कामगार घेतले आणि सरासरींत ८ गुणांचा फरक आढळला, तर टी-मूल्य १.६३ येते. ५ टक्के सार्थकता स्तरावरील सारणीमूल्य २.०७ असल्याने हा फरक सार्थक ठरत नाही. उलट, प्रत्येकी ४०० कामगार घेतल्यास अवघ्या २ गुणांच्या फरकाचे टी-मूल्य २.३६ येते व तो सार्थक ठरतो. म्हणजे सार्थकता हे फरकाच्या महत्त्वाचे माप नव्हे. पहिल्या उदाहरणात ९५ टक्के विश्वास-अंतराल उणे २.२ ते १८.२ असा येतो. तेथे ‘फरक नाही’ असे लिहिणे म्हणजे पुराव्याच्या अभावाला अभावाचा पुरावा मानणे होय. अशा विधानाच्या आधारे कंत्राटी कामगारांची गाऱ्हाणी निराधार ठरवली जाऊ शकतात.

नमुना-निवडीतील दोषही ही कसोटी दूर करीत नाही. कारखान्याच्या फाटकाशी भेटलेले किंवा कंत्राटदाराने निवडून दिलेले कामगार हा यादृच्छिक नमुना नव्हे. शिवाय दोन्ही गटांचे वय व सेवाकाल भिन्न असल्यास फरकाचे कारण नोकरीचे स्वरूपच आहे, असे म्हणता येत नाही.

अमेरिकन सांख्यिकी संघटनेनेही २०१६ च्या निवेदनात पी-मूल्य हे परिणामाच्या आकाराचे वा निष्कर्षाच्या महत्त्वाचे माप नसल्याचे स्पष्ट केले आहे. म्हणून मार्गदर्शक प्राध्यापकांनी टी-मूल्यासोबत सरासरी, प्रमाण विचलन, नमुन्याचा आकार, निवडीची रीत व विश्वास-अंतराल यांचा आग्रह धरावा. ‘परिकल्पना स्वीकारली’ याऐवजी ‘फेटाळण्याइतका पुरावा मिळाला नाही’ असे लिहिणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.