स्वमग्नताविषयक पुराव्याधिष्ठित पद्धती आणि शहापूर-मुरबाडमधील समाजाधारित सेवा : एक चिकित्सा

प्रस्तावना
१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिला स्थान दिले. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. दिव्यांग बालकांसाठी २०२३ मध्ये आलेल्या अंगणवाडी कार्यपद्धतीत लक्षणे ओळखणे, मुलास सामावून घेणे आणि संदर्भसेवा हे टप्पे सांगितले आहेत. म्हणजे मूल ओळखण्याची तरतूद गावापर्यंत पोहोचली. ओळखल्यानंतर काय करावयाचे, हा खरा प्रश्न होय. तानसा जलाशयाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे. मुंबई-ठाण्यातील तज्ज्ञसेवा मात्र तानसा परिसरातील पाड्यांपर्यंत तितक्या सहज येत नाही.

पुराव्याचे स्वरूप
या संदर्भात सर्वांत जवळचा पुरावा गोव्याचा आहे. ‘संगथ’ संस्थेच्या सहभागाने गोवा व रावळपिंडी येथे झालेल्या ‘पास’ चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाले. २ ते ९ वर्षे वयाची ६५ मुले तीत होती. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांसमवेत सहा महिन्यांत १२ सत्रे घेतली. मुलाशी खेळतानाचे चित्रीकरण पालकास दाखवून, मुलाच्या इशाऱ्यास कोठे प्रतिसाद मिळाला व कोठे निसटला, हे त्याच्यासह पाहणे हा पद्धतीचा गाभा होता. पालकांचा अनुरूप प्रतिसाद वाढला. मुलाने आपणहून संवाद सुरू करणेही वाढले. मात्र परस्पर सामायिक अवधानाचा काळ घटला. ही बाजू झाकून ‘सिद्ध उपचार’ असा डांगोरा पिटणे शास्त्राशी प्रामाणिक ठरणार नाही.

‘स्वमग्नता’ ही संज्ञा दोष मुलाच्या ठायी ठेवते. उपर्युक्त पुरावा मात्र संवाद दोघांचा असतो आणि बदलाचा आरंभ मोठ्यांच्या प्रतिसादातून होऊ शकतो, असे सुचवितो.

अंमलबजावणीतील विसंगती
शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे भातकापणीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. गावातील त्यांचे वास्तव्य साधारण पाच महिन्यांचे. त्यातही भातलावणीचे दिवस कष्टाचे. पंधरवड्यास एक याप्रमाणे १२ सत्रांस सहा महिने लागतात. हिशेब येथेच चुकतो. सत्रे घाईने उरकल्यास चाचणीतील अंतर राहत नाही. अर्ध्यावर सोडल्यास पद्धतच राहत नाही. भट्टी दुसऱ्या तालुक्यात असली, तर मुलाची नोंद मूळ अंगणवाडीतच अडकून पडण्याचा धोका असतो.

दुसरी विसंगती ‘पालक’ या शब्दात आहे. आई-वडील मजुरीस गेल्यावर मूल थोरल्या बहिणीजवळ किंवा आजीजवळ असते. घरात कातकरी, ठाकरी वा वारली बोली आणि सत्र प्रमाण मराठीत, अशा स्थितीत मुलाचा इशारा टिपणे कार्यकर्तीसही अवघड जाते.

निष्कर्ष
यावरून पुरावा त्याज्य ठरत नाही. त्याचे अवयव वेगळे करून पाहणे आवश्यक ठरते. चित्रीकरण एकत्र पाहणे, तज्ज्ञाची नियमित देखरेख आणि दोन सत्रांमधील सरावाचा काळ हे भाग सोडता येणार नाहीत. स्थळ, महिना, बोली आणि सांभाळणारी व्यक्ती यांत बदल करता येईल. निम्मी सत्रे गावात व उर्वरित भट्टीवर, हा एक विचारार्ह पर्याय आहे. परंतु त्याचा परिणाम नव्याने मोजावा लागेल. केवळ एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्तीवर हे काम सोपविल्यास, पद्धतीचे नाव उरेल आणि तिला पुरावा मिळवून देणारे सर्व काही गळून पडेल. त्याची किंमत मात्र भट्टीवर गेलेल्या मुलास मोजावी लागेल.