पगार आहे, काम नाही

मराठी माणसाला रिकाम्या माणसाचा मोठा राग आहे. 'रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी' ही म्हण ज्याने प्रथम केली, त्याने त्या न्हाव्याकडे गिऱ्हाईक का फिरकले नाही याची चौकशी केलेली दिसत नाही. आयतोबा, ऐतखाऊ, रिकामटेकडा, खोगीरभरती असे शब्द आपल्या भाषेत हवे तेवढे आहेत, आणि त्या प्रत्येकात रिकामेपणाचा दोष रिकाम्या माणसाच्याच माथी मारलेला आहे. जो सकाळी वेळेवर येऊन टेबलाशी बसतो, काम मागतो, आणि संध्याकाळपर्यंत साहेबाच्या दाराकडे पाहत राहतो, अशा माणसासाठी मात्र आपल्याजवळ धड शब्द नाही. घरी येऊन त्याने हे सांगितलेच, तर "नशीबवान आहेस, बसून पगार मिळतो!" असे म्हणून आपण त्याच्यापुढे फराळाची बशी सरकवतो.

साहित्यानेही ह्या माणसाकडे क्वचितच पाहिले आहे. कामाखाली दबलेला कारकून कथा-कादंबऱ्यांतून पुष्कळ भेटतो. गोगोलच्या 'ओव्हरकोट' (१८४२) ह्या कथेतला नकलनवीस कागद उतरवून काढण्यात जन्म घालवतो. मेलव्हिलचा बार्टलबी (१८५३) पुढे आलेले काम करायला नम्रपणे नकार देतो. पहिल्याजवळ काम आहे, दुसऱ्याला ते नको आहे. ज्याला काम हवे आहे, जो त्यासाठीच नेमला गेला आहे आणि तरीही ज्याच्या हाती ते पडत नाही, असा तिसरा मनुष्य दोन कादंबऱ्यांत फार ठसठशीतपणे उभा राहिला आहे. एक फ्रान्झ काफ्काची 'द कॅसल' (१९२६) आणि दुसरी उपमन्यू चॅटर्जी यांची 'इंग्लिश, ऑगस्ट' (१९८८). ह्या दोन कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर ह्या दुःखाचे स्वरूप काय आणि त्यातून माणूस वाचतो कसा, ह्या दोन्ही प्रश्नांवर प्रकाश पडतो.

काफ्काचे नाव काढले की घरगुती वाचक दचकतो. ह्या कादंबरीविषयी इतके गूढ लिहिले गेले आहे, की मूळ गोष्ट काय आहे हेच बाजूला राहते. कोणी त्या किल्ल्यात परमेश्वर पाहतो, कोणी सरकार पाहतो. गोष्ट मात्र साधी आहे. के. नावाचा एक मोजणीदार बर्फाने झाकलेल्या एका गावात रात्री येऊन पोचतो. गावावर सत्ता टेकडीवरच्या किल्ल्याची. क्लाम नावाच्या अधिकाऱ्याचे पत्र येते, की तुम्हाला नोकरीत घेतले आहे, तुमचे वरिष्ठ म्हणजे गावचे प्रमुख, पुढचे सारे ते सांगतील. के. त्यांच्याकडे जातो. ते पायाच्या दुखण्याने अंथरुणात पडलेले आहेत. ते शांतपणे सांगतात की आम्हाला मोजणीदाराची गरजच नाही! कित्येक वर्षांपूर्वी एका खात्याकडून तसा हुकूम आला होता. नको म्हणून पाठवलेले उत्तर दुसऱ्याच खात्यात गेले आणि कागद हरवले. प्रमुखांची बायको कपाट उघडून तो कागद शोधू लागते, फायलींचे ढीग जमिनीवर येतात, आणि कागद काही सापडत नाही. ज्याने सरकारी कचेरीची पायरी एकदा तरी चढली आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

के.ला दोन मदतनीसही मिळालेले असतात. त्यांना मोजणीतले ओ की ठो कळत नाही, आणि त्यांच्याजवळ साधनेही नाहीत. मग त्याला शाळेत शिपायाची जागा देऊ करतात. आणि एके दिवशी क्लामचे दुसरे पत्र येते. तुम्ही आजवर केलेल्या मोजणीबद्दल आम्ही समाधानी आहोत, असेच चालू ठेवा, अशा अर्थाचे! के.ने एक बांधही मोजलेला नाही. सबंध कादंबरीत मला हे पत्र सर्वांत क्रूर वाटते. कामाबद्दल बोलणी बसली असती, तर निदान कोणीतरी काम पाहिले आहे एवढा तरी दिलासा मिळाला असता. न केलेल्या कामाच्या कौतुकाने माणूस पुरता नाहीसा होतो. वर्षभर कोरा कागदही पुढे न आलेल्या नोकराच्या गोपनीय अहवालात 'काम समाधानकारक' असा शेरा पडावा, तसे हे आहे.

हे लिहिणारा काफ्का स्वतः कामचुकार नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. १९०८ पासून १९२२ पर्यंत तो प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. लाकूड रंधणाऱ्या यंत्रांत कामगारांची बोटे कशी तुटतात आणि ती कशी वाचवता येतील, यावर त्याने लिहिलेला अहवाल प्रसिद्ध आहे. क्षयाने खंगून त्याने नोकरी सोडली त्याच १९२२ साली ही कादंबरी तो लिहीत होता, आणि ती अपुरी ठेवूनच १९२४ साली तो वारला. कामाला अर्थ कसा येतो हे ठाऊक असलेल्या माणसाने बिनकामाची ही गोष्ट लिहिली आहे.

कादंबरीचे मर्म मात्र के.च्या कहाणीपेक्षा तिच्यातल्या एका उपकथेत आहे असे मला वाटते. गावात एक चांभाराचे कुटुंब आहे. त्याची मुलगी अमालिया किल्ल्यावरच्या एका अधिकाऱ्याची घाणेरडी मागणी धुडकावून लावते. त्यानंतर किल्ला काहीच करीत नाही. हुकूम नाही, शिक्षा नाही. फक्त गावकरी एकेक करून येतात आणि दुरुस्तीला दिलेले आपापले जोडे परत घेऊन जातात. झाले, तेवढ्याने घर बसते! बाप किल्ल्याच्या दारी जाऊन क्षमा मागतो, तर त्याला सांगण्यात येते की तुझ्यावर आरोपच नाही, मग क्षमा कसली? तरीही तो रोज रस्त्याच्या कडेला, अधिकाऱ्यांच्या गाड्या जातात तिथे, थंडीवाऱ्यात बसून राहतो. कधीतरी एखादी गाडी थांबेल ह्या आशेवर बसता बसता त्याचे हातपाय आखडून जातात.

आपल्या भाषेत ह्याला नेमका शब्द आहे. वाळीत टाकणे. वाळीत टाकलेल्या घराला कोणी मारीत नसे. त्याला नुसते बोलावणे येत नसे. काम न देणारा वरिष्ठ हेच करतो. पगार चालू असतो, हजेरीपटावर नाव असते, आणि बोलावणे येत नाही. "माझे काय चुकले?" असे विचारावे, तर "छे, तुमचे काहीच चुकलेले नाही" असे गोड उत्तर मिळते. ज्याला आरोप नाही त्याला बचावही करता येत नाही. बिनकामाच्या नोकरीतले दुःख कंटाळ्याचे असते असे आपण समजतो. ते वाळीत पडल्याचे दुःख आहे हे काफ्काने ओळखले.

कायद्यालाही हे उमजायला वेळ लागला. १९४० साली इंग्लंडमध्ये एका खटल्यात न्यायमूर्ती ॲस्क्विथ यांनी जुना नियम एका घरगुती दाखल्याने सांगितला. स्वयंपाकिणीला पगार वेळेवर मिळत असेल, तर मालक रोज बाहेर जेवला तरी तिला तक्रार करता येणार नाही, अशा आशयाचा तो दाखला आहे. कायद्याच्या दृष्टीने तो चोख असेल, पण दिवाळीच्या दिवसांत हा दाखला कोणत्याही घरातल्या गृहिणीला सांगून पाहावा. डबे भरून चकल्या केल्या आणि घरातल्या एकानेही त्या तोंडात टाकल्या नाहीत, तर तेल-भाजणीचे पैसे परत मिळून तिचे समाधान होईल काय? पुढे न्यायालयेही बदलली. २०२० साली पॅरिसच्या अपील न्यायालयाने एका कर्मचाऱ्याला कामावाचून ठेवणे हा मानसिक छळ ठरवून त्याला भरपाई देवविली. काफ्काचे म्हणणे न्यायासनापर्यंत पोचायला असा जवळजवळ शंभर वर्षांचा काळ जावा लागला.

आता 'इंग्लिश, ऑगस्ट'कडे वळू. इथे बर्फ नाही, घाम आहे. उपमन्यू चॅटर्जी हे १९८३ साली भारतीय प्रशासन सेवेत शिरले आणि त्यांना महाराष्ट्राची सेवा मिळाली. म्हणून त्यांचे मदना हे गाव काल्पनिक असले, तरी तिथले ऊन आपल्याला परके वाटत नाही. अगस्त्य सेन हा चोवीस वर्षांचा शिकाऊ अधिकारी प्रशिक्षणासाठी मदन्यात येतो. कलेक्टर श्रीवास्तव वाईट मनुष्य नाहीत. ते कामात बुडालेले आहेत. त्यांच्यापाशी बसावे, बैठकांना हजर राहावे, पाहावे आणि शिकावे, एवढेच अगस्त्यचे काम. तो काय करतो? काहीतरी सबब सांगून रेस्ट हाउसवरच्या अंधाऱ्या खोलीत परततो, झोपतो, गांजा ओढतो, मार्कस ऑरेलियस वाचतो आणि भेटेल त्याला स्वतःविषयी वाटेल त्या थापा मारतो.

ह्या थापांनी कादंबरीत धमाल उडवली आहे आणि वाचक खदखदून हसतो. पण त्या थापांचे कारण पाहावे. ज्याला काम नाही त्याला कचेरीत सांगण्यासारखी स्वतःची हकीकतच उरत नाही. मग तो ती रचतो. के. किल्ल्याकडे डोळे लावून बसतो, अगस्त्य किल्ल्याकडे पाठ फिरवून झोपतो. दोघांचेही दिवस सारखेच वाया जातात. एकाला वरिष्ठाचा ध्यास, दुसऱ्याला त्याची टिंगल. दोघांच्याही मनात मध्यभागी खुर्ची वरिष्ठाचीच.

मग अगस्त्यच्या आयुष्यात एक बदल होतो. त्याला गटविकास अधिकारी म्हणून एका आदिवासी भागात पाठवतात. तिथल्या एका खेड्यात विहीर इतकी आटली आहे, की पाण्यासाठी मुलांना दोराने आत सोडावे लागते. हे पाहून हा झोपाळू माणूस खडबडून उठतो आणि पाण्याच्या व्यवस्थेसाठी धावाधाव करतो. त्या पानांपुरते त्याला स्वतःच्या मनाकडे पाहायला सवड नाही. समोर गरज दिसली आणि ती भागवण्याचे साधन हाताशी आहे हे कळले, की माणूस कसा ताठ उभा राहतो, ते चॅटर्जींनी एकही भाषण न घालता दाखवले आहे.

येथे एक आक्षेप घेतला पाहिजे. अगस्त्यचे उदाहरण सर्वांना लागू पडत नाही. तो राज्यपालाचा मुलगा आहे, त्याची नोकरी पक्की आहे, आणि त्याला काम शेवटी सरकारी हुकमानेच मिळाले आहे. कंत्राटावर लागलेल्या मुलीला टेबल रिकामे राहिले की पोटात गोळा येतो, कारण आजचा रिकामेपणा ही उद्याच्या नारळाची पूर्वसूचना असू शकते. अशा मुलीला "गरज शोध आणि कामाला लाग" एवढे सांगून मोकळे होणे हा वडीलधाऱ्यांचा आळस आहे. काम नेमून देणे हे वरिष्ठाचे कर्तव्य आहे, आणि ते न करण्याचा दोष त्याचाच आहे. एवढे स्वच्छ म्हटल्यानंतरच धाकट्याने काय करावे हे बोलण्याचा आपल्याला अधिकार पोचतो.

आणि त्याचे उत्तर काफ्कानेच दोन जागी देऊन ठेवले आहे. घाईने वाचणाऱ्याच्या ते नजरेतून निसटते. गावप्रमुख के.ला नकार देताना सहज बोलून जातात, की बांधांची लहानसहान भांडणे आम्ही आमची आम्ही मिटवतो. म्हणजे भांडणे आहेत! मोजणीदाराला ह्याहून चांगली वाट कोणती हवी होती? पण के. विचारीत नाही, की भांडण कोणाचे, कोणत्या बांधावर? तो आपल्या नेमणुकीचाच वाद घालत बसतो. त्याला मोजणीदार म्हणून मान्यता हवी आहे, आणि त्या नादात मोजणीची आठवण त्याला राहत नाही. दुसरी जागा चांभाराच्या थोरल्या मुलीच्या, ओल्गाच्या, बोलण्यात आहे. ती म्हणते, आम्ही त्या दिवसांत पूर्वीसारखे लोकांत मिसळलो असतो, झाल्या गोष्टीचा शब्दही काढला नसता, तर लोकांनाही सुटल्यासारखे झाले असते आणि सगळे पूर्ववत सुरू झाले असते. आम्ही मात्र दार लावून घरात बसलो. वाळीत टाकणारेही मनातून अवघडलेले असतात, ही फार मोठी गोष्ट ती सांगून जाते.

वाट पाहण्याने आणखी एक नुकसान होते. एका रात्री के. चुकून एका चिटणिसाच्या खोलीत शिरतो. तो चिटणीस सांगत असतो, की अवेळी असा कोणी आलाच, तर त्याचे मागणे मान्य होण्याचा दुर्मिळ योग येतो. आणि तो योग समोर उभा असताना के. थकून झोपी गेलेला असतो! दारात ताटकळण्यात ज्याची सगळी शक्ती गेली, त्याला दार उघडल्याचे कळत नाही.

म्हणून आपल्या घरी सुट्टीवर आलेला मुलगा किंवा मुलगी "मला काही कामच देत नाहीत" असे म्हणाली, तर हसू नये. आधी तिचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. वरिष्ठ क्लामसारखा अदृश्य आहे, श्रीवास्तवांसारखा कामात गढलेला आहे, की मुद्दाम वाळीत टाकणारा आहे, हे विचारावे. कामात गढलेल्या साहेबाला "काय करू?" असे विचारले, तर तो प्रश्नच त्याला एक नवे काम होऊन बसतो, "ही यादी मी लावून देऊ का?" ह्याला तो हो म्हणण्याचा संभव असतो. मुद्दाम वाळीत टाकणाऱ्याकडे केलेली प्रत्येक मागणी लेखी असावी, आणि वेळ आली तर दुसरी नोकरी पाहण्यात कमीपणा मानू नये. पण तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखीच आहे. शेजारच्या टेबलावर कोणते काम अडले आहे, आपली विद्या कुठे उपयोगी पडेल, हे पाहणारी नजर शाबूत राहिली पाहिजे. ती जाऊ द्यायची नाही, हे घरच्यांनी सांगायचे असते, कारण कचेरीत ते सांगायला कोणी नसते.

काफ्काने कादंबरी एका अर्ध्या वाक्यावर सोडली. शेवट काय योजला होता, ते त्याचा मित्र माक्स ब्रोड याने नमूद केले आहे. के. मरणाच्या दारी असताना किल्ल्यावरून निरोप येतो, की त्याचा हक्क नसला, तरी त्याने गावात राहून काम करायला हरकत नाही. निरोप आला, पण मोजणीदार उरला नव्हता. आपल्या मुलांच्या बाबतीत तेवढा उशीर होऊ नये.